नागपुरात बँकेत गुंतवणुकीचं काम सुरू करायचंय? आधी एवढं करा

बी.कॉम. झालं की आपल्याकडची बरीच मुलं पीओच्या (सरकारी बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या) क्लासला नाव घालतात. लोकांच्या गुंतवणुकीचं काम आवडत असेल तर खाजगी बँकेतली रिलेशनशिप ऑफिसरची वाटही बघा. जाहिरातीत कधी 'फायनान्शियल अॅडव्हायजर' लिहिलेलं असतं, पण फी घेऊन सल्ला द्यायला सेबीच्या (शेअर बाजार आणि फंडांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१३ च्या नियमांनुसार वेगळी नोंदणी लागते. बँकेत तुम्ही मुख्यतः वितरक असता. फंड किंवा विमा विकला की बँकेला कमिशन मिळतं, आणि ग्राहकाने विचारलं तर हे सरळ सांगायचं.

अर्ज करण्याआधीच एनआयएसएमची (सेबीची प्रशिक्षण संस्था) म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा, म्हणजे सिरीज व्ही-ए, देऊन टाका. १०० प्रश्न, २ तास, पास व्हायला ५० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. वर्कबुक मन लावून दोनदा वाचलं तर क्लासची गरज पडत नाही. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. नोकरी लागली की बँक तुमचा ईयूआयएन, म्हणजे फंड विकणाऱ्याचा ओळख क्रमांक, काढून देते आणि विम्याचं प्रशिक्षणही करवते.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: निवृत्त माणूस मोठी रक्कम घेऊन आला, काय कराल? उमेदवार लगेच फंडांची नावं सांगायला लागतात, आणि तिथेच माझं मत फिरतं. आधी विचारायचं, पैसे कधी लागणार?

नागपुरात हे रोजचं आहे. डब्ल्यूसीएल (कोळसा खाणी), मॉइल (मँगनीज खाणी), रेल्वे, सगळीकडून माणसं निवृत्त होतात आणि ग्रॅच्युइटी-पीएफचे पैसे एकदम खात्यावर येतात. डब्ल्यूसीएलचे एक काका माझ्याकडे आले तेव्हा पासबुकात घडी घातलेलं युलिपचं (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचं) पत्रक होतं, कुणीतरी हातात दिलेलं. मी म्हटलं, "काका, हे राहू द्या. येत्या पाच वर्षांत कुठले खर्च आहेत ते सांगा." दिवाळीनंतर पोरीचं लग्न, घराचा स्लॅब गळतो, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. युलिपमध्ये ५ वर्षं पैसे अडकतात, म्हणजे यातलं काहीच झालं नसतं. लग्न आणि स्लॅबचे पैसे एफडीत ठेवले, मुदत त्या-त्या महिन्याची. ऑपरेशनचे वेगळ्या एफडीत, केव्हाही मोडता येईल अशा. घरखर्चासाठी सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम: ३० लाखांपर्यंत भरता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी. माझ्या टार्गेटमध्ये यातलं काही धरलं गेलं नाही. लग्न पार पडल्यावर उरलेले पैसे घेऊन काका स्वतःहून आले, आणि फंडाचं बोलणं तेव्हा झालं.

असा ग्राहक चुकीची आयुर्विमा पॉलिसी आधीच घेऊन आला असेल तर तारीख बघा. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला दरमहा एसआयपी (फंडात दर महिन्याला ठरलेला हप्ता) गळ्यात मारू नका, बाप्पा! त्याचा पैसा बहाराचा, म्हणजे फळ विकलं की येणारा. आंबिया बहार असेल तर दिवाळीच्या आगेमागे, मृग असेल तर फेब्रुवारी-मार्चात. रक्कम लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लवकर काढता येणारा) ठेवून तिथून दरमहा इक्विटीत, म्हणजे शेअर्सच्या फंडात, वळवणं त्याला जास्त सोयीचं पडतं, तेही पुढच्या हंगामाचा फवारणी-मजुरीचा खर्च बाजूला काढून. इतवारीतल्या व्यापाऱ्याला सणाच्या गर्दीत फोन करू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

टार्गेट पहिल्या महिन्यापासून येतं आणि महिनाअखेरीला मॅनेजरचा आवाज चढतो. त्यासाठी शाखेतली एफडी मॅच्युरिटीची यादी रोज सकाळी काढा आणि मुदतीच्या आठवडाभर आधी फोन करा. फोनवर काही विकू नका, नॉमिनी कोण आहे ते विचारा. कितीतरी खात्यांवर अजून वारलेल्या वडिलांचं नाव असतं. ते बदलून दिलंत की माणूस तुमच्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि पोरांच्या शिक्षणापासून गावच्या शेतापर्यंत सगळं बोलतो. ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, तारखांसकट.

नोकरी पक्की झाली की जेएआयआयबीचा, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेचा, फॉर्म भरा. चार पेपर असतात, आणि रिटेल बँकिंग व वेल्थ मॅनेजमेंटचा पेपर तुमच्या रोजच्या कामाचाच आहे.