आयर्लंडात १ मे रोजी दूध मागू नका

पीपीएस क्रमांक (सरकारी कामांसाठी लागणारा ओळख क्रमांक) कसा काढावा, घर कोठे शोधावे, हे सांगणारे मराठी लोक आता डब्लिनमध्ये हवे तितके भेटतात. सणांविषयी विचारले की मात्र ‘यांचे सण म्हणजे पब’ एवढे बोलून ते मोकळे होतात, कारण त्यांतील बहुतेकांनी खेड्यात एक रात्रही काढलेली नसते.

मी पश्चिम आयर्लंडातील क्लेअर परगण्यातल्या एका खेड्यात राहायला गेलो त्या पहिल्याच वर्षी, महाराष्ट्र दिनाच्या खिरीला दूध कमी पडले म्हणून शेजारच्या आजींकडे गेलो. गोठ्यात गाई असलेल्या त्या बाईंनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, पण दूध दिले नाही. आयरिश माणूस तोंडावर नकार देत नाही, विषय बदलतो, हे ठाऊक नसल्यामुळे मी तो माझ्या कातडीच्या रंगाचा अपमान समजलो आणि तीन वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. १ मे रोजी दूध, लोणी, मीठ किंवा विस्तव घराबाहेर दिला तर वर्षाची बरकत त्याबरोबर जाते, ही जुनी समजूत मला कळली तोवर आजी गेल्या होत्या. माझी आई तिन्हीसांजेनंतर कोणाला विरजण देत नसे, तरी मला हे उमगले नाही. त्या दिवशी शेजारी काहीही मागू नका. दूध आदल्या दिवशी आणून ठेवा.

त्याच महिन्यात फुलणाऱ्या हॉथॉर्न या काटेरी झाडाची फांदी घरात आणू नका, आणि एकटे उभे असलेले झाड तर तोडूच नका, कारण ते परीलोकांचे मानतात. क्लेअरमध्येच लाटून येथे असे एक झाड महामार्ग बांधताना राखले गेले. १९९९ साली त्यावरून मोठा वाद झाला होता.

३१ जानेवारीच्या संध्याकाळी आयरिश संत सेंट ब्रिजिदच्या नावाने लव्हाळ्याचा क्रॉस विणून, घराला आग लागू नये म्हणून दारावर लावतात. मुलाने तो शाळेतून आणला, तर ‘आपला धर्म नाही’ म्हणून कपाटात टाकू नका. सेंट पॅट्रिकच्या दिवसाबद्दल तुम्हाला न विचारताच सारे कळेल. २३ जूनच्या रात्री पश्चिमेकडे होळ्या पेटतात. बोलावणे आले तर जरूर जा. हॅलोवीनचा बार्मब्रॅक, म्हणजे मनुक्यांचा गोड पाव, जपून चावा, कारण त्यात अंगठी असते.

नाताळची सजावट ६ जानेवारीला उतरवतात. त्या दिवसाला ‘नॉलिग ना मन’, म्हणजे बायकांचा नाताळ म्हणतात. कॉर्क आणि केरीकडे घरकाम पुरुषांनी करावे आणि बायकांनी मैत्रिणींबरोबर बाहेर पडावे, अशी रीत आहे. इतर सारे आयरिश सण उत्साहाने उचलणाऱ्या आपल्या पुरुषांपैकी हा सण पाळणारा मला अजून भेटलेला नाही.