प्रोटीन पावडर सुरू केली आणि पोट बिघडलं? या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये वाटाण्याच्या प्रोटीनचा डबा आणला, दुधात दोन स्कूप घुसळले आणि पहाटे सिंहगड चढायला निघालो. अर्ध्या वाटेवर पोट असं डब्ब झालं की वर पोचूनही पिठलं-भाकरीकडे बघवेना. शिव्या अर्थातच पावडरीला घातल्या. पण पेल्यात संशयित तीन होते: वाटाणा, दूध, आणि डब्यामागे बारीक अक्षरात छापलेलं इन्युलिन, म्हणजे जिवाणू आंबवतात असा एक तंतू (फायबर).

सगळं एकदम बदलायचं, ही पहिली चूक. पावडर तीन-चार दिवस नुसत्या पाण्यात, अर्धाच स्कूप घेऊन बघा. त्रास थांबला तर दुधातल्या लॅक्टोजवर किंवा मात्रेवर संशय घ्या; मग तेवढाच अर्धा स्कूप दुधात घेतला की उलगडा होतो. प्रोटीन बार खात असाल तर माल्टिटॉल, सॉर्बिटॉल ही नावं शोधा. ही गोडी लहान आतड्यात पुरती शोषली जात नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर ताव मारतात.

सोयाबीनच्या वड्यांची गोष्ट वेगळी. उकळत्या पाण्यात टाकल्या की वर पिवळसर फेस धरतो. दहा मिनिटांनी वडी मुठीत दाबून पिळायची, ते पाणी ओतून द्यायचं, गार पाण्यात परत एकदा पिळायची. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पचवणारं एन्झाइम आपल्या आतड्यात नसतं, जिवाणूंकडे असतं, आणि गॅस त्यातूनच होतो. या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून पिळलेल्या पाण्याबरोबर बऱ्याचशा जातात. ‘सत्त्व जाईल’ म्हणून तेच पाणी रश्श्यात ढकलणारे लोक माझ्या घरातच आहेत. डाळिंब्या करताना मात्र हेच लोक वाल भिजवतात, पाणी टाकतात, मोड आणतात, सोलतात. मोड येताना दाणा स्वतःच यातली बरीच साखर वापरून टाकतो.

गिरणीतून आणलेलं कच्चं सोयाबीनचं पीठ शेकमध्ये घालू नका. त्यातले ट्रिप्सिन इन्हिबिटर प्रोटीनचं पचन अडवतात. उष्णतेने ते बरेचसे निकामी होतात. (आघारकर संस्थेने सोयाबीनची ‘एमएसीएस’ नावाची वाणं विकसित केली ती याच पुण्यात. तिथेच आपण कच्चं पीठ प्यावं!)

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक: जेवणाऐवजी पेला. आयसोलेटमध्ये, म्हणजे वाटाण्यातून वेगळ्या काढलेल्या प्रोटीनच्या पावडरीत, साधारण 80 टक्के प्रोटीन असतं, वाटाण्याचा चोथा, म्हणजेच तंतू, बहुतेक काढून टाकलेला असतो. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तंतू मिळाले की ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्लं बनवतात. ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. तंतू संपले की जिवाणू न पचलेल्या प्रोटीनकडे वळतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, पी-क्रेसॉल तयार होतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो बहुतेक गंधकाच्या वायूंचा, मात्र लसूण-कोबीचाही त्यात वाटा असतो. पी-क्रेसॉलपासून बनणारे पदार्थ मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागतात, म्हणून किडनीचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

आणि दोन स्कूप हवेत कशाला? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस रोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीनची आहे. 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. 25 ग्रॅम कोरड्या वड्यांतच 13 ग्रॅम मिळतात.

उलट टोक म्हणजे चार दिवसांत ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडून देणं. आहार बदलला की जिवाणूंची वस्ती काही दिवसांत बदलू लागते. मात्रा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. शेजारणीशी तुलनाही नको. जिवाणूंची वस्ती प्रत्येकाची वेगळी: सोयातल्या डेडझीन या घटकापासून इक्वॉल नावाचा पदार्थ बनवणारे जिवाणू, उदाहरणार्थ, काहींच्याच पोटात असतात.

शौचात रक्त, उगाच घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही दिसलं तर घरचे प्रयोग बंद करून डॉक्टर गाठा.

मी सध्या अर्धा स्कूप पाण्यात घेतो, ताटातली मटकीची उसळ हलू देत नाही. मिसळ खाल्ल्यावर दोन दिवस मात्र नवं काही सुरू करत नाही. पोट बिघडलंच तर कशाने, ते कळायला मार्ग राहत नाही.