मोबाईलवर तक्ता पडद्याबाहेर जात होता: माझा अनुभव

लातूरमधील एका आडत्यासाठी मी सोयाबीन, तूर आणि हरभरा यांचे रोजचे भाव दाखवणारे पान बूटस्ट्रॅप ५ (वेबपाने बनवण्याचा तयार संच) वापरून तयार केले. लॅपटॉपवर ते व्यवस्थित दिसत होते. परंतु शेतकरी भाव पाहतो तो मोबाईलवर, आणि तिथे ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर संपूर्ण पानच उजवीकडे सरकत होते व 'कमाल दर' हा सर्वांत महत्त्वाचा रकाना दिसेनासा होत होता.

तक्त्याभोवतीच्या आवरणाला 'टेबल-रिस्पॉन्सिव्ह' हा क्लास (रुंद तक्ता आतल्या आत आडवा सरकू देणारी बूटस्ट्रॅपची तयार शैली) आधीच होता. व्ह्यूपोर्टची मेटा ओळही, म्हणजे पानाची रुंदी पडद्याइतकी ठेवायला ब्राउझरला सांगणारी ओळ, बरोबर होती. अखेर प्रत्येक घटकाला तात्पुरती लाल बाह्यरेषा दिली, तेव्हा बाजूपट्टीशेजारचा, तक्ता सामावणारा फ्लेक्स घटकच (शेजारी-शेजारी मांडणीतला, जागेनुसार लहान-मोठा होणारा भाग) पडद्याहून रुंद झालेला दिसला. अशा घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते, म्हणजेच आतील न तुटणाऱ्या मजकुराहून तो अरुंद होत नाही; आणि तोच रुंदावल्यामुळे आतल्या आवरणाला स्क्रोल होण्याची वेळच येत नव्हती. त्याला 'मिन-विड्थ' (किमान रुंदी) ० देताच तक्ता स्वतःच्या चौकटीत सरकू लागला.

बॉडीला, म्हणजे संपूर्ण पानाला, 'ओव्हरफ्लो हिडन' (बाहेर जाणारा भाग लपवणे) लावूनही पान स्थिर झाले असते, पण मग कमाल दर कायमचा कापला गेला असता, म्हणून तो मार्ग मी कटाक्षाने टाळला. ७६८ पिक्सेलखाली बाजूपट्टी तक्त्याच्या वर नेली आणि पिकाच्या नावाचा रकाना डावीकडे स्थिर ठेवला. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात, भर उन्हात, साध्या फोनवर मी सर्व दर वाचून खात्री केली.