गोव्यात ध्यानासाठी शांतता कशी शोधावी

शांत जागेच्या शोधात मी दोन वर्षं गोवाभर फिरले. शांतता सापडली ती म्हापशातल्या माझ्याच फ्लॅटमध्ये, दुपारी पावणेदोनला.

सुरुवात केली होती पहाटे साडेपाचला, सगळे सांगतात म्हणून. पाट मांडून डोळे मिटले की पाचव्या मिनिटाला खाली पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पोंगा (भोंगा). त्याला गल्लीतली कुत्री ओ देणार, तेवढ्यात कुणाच्या तरी टाकीची मोटर सुरू होणार. महिनाभर मी ध्यान कमी केलं आणि चिडले जास्त. म्हणून पहिलं काम बसण्याचं नाही, वही घेण्याचं.

आठ दिवस आवाज लिहा

आवाज आला की वेळ टिपायची आणि पुढे एक खूण करायची: सलग की तुटक. पंखा, पाऊस, समुद्र, लांबचा हायवे हे सलग. हॉर्न, कुत्रा, मिक्सर हे तुटक. सलग आवाजाला कान लवकर सरावतो. तुटक आवाज दर वेळी नव्याने दचकवतो. सगळ्यात त्रासदायक म्हणजे समजणारं बोलणं, कारण शब्द कानावर पडले की मन अर्थ लावायला धावतंच. शेजारच्यांचं भांडण चालू असताना श्वास मोजून दाखवा!

माझ्या वहीत ५.३५ला पोदेर, ६.५०ला बालरथ (शाळेची बस), ७.१०ला खालच्या मजल्यावरचं वाटण आणि नऊच्या सुमारास मासळीवाली, असं रोज ठरलेलं निघालं. दीड ते साडेतीनचा रकाना मात्र जवळजवळ कोरा होता. दुकानांची शटरं खाली, रस्ता सुस्त, शितकडी (भात-कालवण) जेवून माणसं आडवी झालेली. या वामकुक्षीवर बाहेरचे लोक हसतात, पण ध्यानाला बसणाऱ्याला ती आयती मिळालेली देणगी आहे. फक्त जेवणाआधी बसा. नंतर बसलात तर घोरण्याचा आवाज तुमचाच असेल. दुपारी नोकरीवर असाल तर आपल्या वहीत दुसरा कोरा रकाना शोधा. रात्री दहानंतरचा बहुधा सापडतो.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हे २००० सालचे केंद्राचे नियम. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. किनारपट्टीवर हा नियम कितपत पाळला जातो ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. रात्री उशिरा संगीत चालू राहिलं तर ११२ला फोन करा. आणि चवथीत (गणेश चतुर्थीत) ध्यानाचा हट्टच नको. घुमटावर (मातीच्या वाद्यावर) आरत्या चालू असताना आपणही टाळ घेऊन बसावं.

खोली

आवाज फटीतून येतो. रस्त्याकडची खिडकी बंद, दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी, आणि बसायला रस्त्यापासून सर्वांत लांबची भिंत. त्या भिंतीला कपड्यांनी भरलेलं कपाट असलं तर उत्तम. पंखा चालू ठेवा, त्याच्या घरघरीत बारीकसारीक आवाज बुडून जातात. उन्हाळ्यात तसाही तो बंद करून बसणार कोण?

बसणं

आधी भ्रामरी. अंगठ्याने कानाच्या भोकापुढची छोटी पाळी हलके आत दाबा, ओठ मिटलेले, दात किंचित विलग. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना भुंग्यासारखा ‘म्म्म’ असा गुंजारव करा. कवटीत, गालांत, दातांच्या मुळांशी तो कंप जाणवतो आणि बाहेरचं जग तेवढ्यापुरतं मागे सरतं. पाच-सात वेळा पुरे. कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर कान न दाबता करा.

मग हात मांडीवर ठेवून आधी सर्वांत लांबचा आवाज ऐका, मग त्याहून जवळचा, शेवटी स्वतःचा श्वास. आवाजाला नाव द्यायचं नाही, हीच यातली खरी मेहनत. ‘ही बुलेट, शिरसाटांच्या मुलाची’ असं मनात आलं की आपण भरकटलो. वैताग न करता श्वासाकडे परत या. दहा मिनिटांत असं वीसदा झालं तरी चालेल. सुरुवातीला दहाच मिनिटं बसा.

घरात अजिबात जमत नसेल तर

बांदोड्याच्या नागेशीच्या देवळात जा. महाआरती आटोपून गर्दी पांगली की तळीच्या पायऱ्यांवर बसता येतं. पाण्यातले मासे आणि एखादं पान पडल्याचा आवाज, बस्स. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर याहून एकांतात आहे, शेजारी ओढा वाहतो, पण आठवड्याच्या मधल्या वारीच जा आणि सकाळी लवकर. रविवारी तिथे सहलीच्या बसेस येतात. पावसात जळवा असतात, मीठ बरोबर ठेवा. किनाऱ्याचं म्हणाल तर डिसेंबर विसरा. जूनमध्ये समुद्र इतका गर्जतो की दुसरं काही ऐकूच येत नाही. वाळूच्या वरच्या अंगाला बसा, पाण्यात उतरू नका.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. वेळेसाठी उदबत्ती लावा, अर्धी मोडून.

पहाटेच बसायचं असेल तर पोदेराशी आधी बोलून घ्या. आदल्या रात्री फाटकाला पैसे घालून कापडी पिशवी अडकवून ठेवायची. आमचा पोदेर आता त्यात चार पाव ठेवतो आणि पोंगा न वाजवता पुढे जातो. पुढच्या फाटकाशी मात्र वाजवतोच.