मिरवेलीची मर थांबवली ती अशी

गुहागरला आमच्या परसात पोफळींवर मिरवेली चढवल्या आहेत. जुलैच्या झडीत एका वेलीची पानं काळी पडून गळाली, आठवड्याभरात वेल गेली. फार हळहळलो. बुडाशी आळ्यात पाणी तुंबलेलं, आणि ही मर ज्या बुरशीने येते ती ओल्या मातीतून पसरते.

आधी चर खणून पाणी बाहेर काढलं. मग एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण केलं: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, बादल्या प्लास्टिकच्याच. मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतलं. कोयतीचं पातं बुडवलं तर तांबूस निघालं, म्हणजे तांबं जास्त होतं, म्हणून आणखी चुना घातला. पातं स्वच्छ निघाल्यावर उघडीप गाठून फवारलं, बुंध्याशीही ओतलं.

उरलेल्या चारही वेलींना आता कोवळी पालवी आली आहे.