पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणते आणि आपण तिला सुरतला धाडतो

मुलगी आठवीत असताना शाळेत सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर आलं. नंदुरबार जिल्ह्यात यात नवं काही नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा गेल्या तर पुढच्या तपासणीसाठी नाव लिहून घेतात. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या रेघा गेल्या. घरी येऊन हिने धोशा लावला, "पप्पा, रेघा का गेल्या?"

माझं शहाद्यात शेती-औषधांचं दुकान. पपईवरचा व्हायरस पान बघून सांगेन, पण हे काय सांगणार? ओळखीच्या लॅबवाल्याकडे नेलं. सिकलसेलमधलं हिमोग्लोबिन त्या द्रावणात विरघळत नाही म्हणून ते गढूळ होतं, आणि मैत्रीण नुसती वाहक आहे की आजारी, हे या नळीवरून कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायची तपासणी लागते, असं त्याने सांगितलं. पोरगी तिथून तासभर हलली नाही.

इथपर्यंत बाप म्हणून मी बरोबर होतो. पुढे बिघडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागलो. नववीच्या सहामाहीत विज्ञानात कमी गुण पडले, तेव्हा पेपर तिने गादीखाली लपवला. तेव्हा कुठे मी ते बंद केलं. तुम्ही सुरूच करू नका.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचं, 'नीट'चं गणित तुम्हाला माहीत असेलच. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे, चुकलं की एक गुण वजा. ते क्लासवाले पाठ करून घेतात. मला बोलायचंय ते वेगळं आहे, आणि ते मला कोणत्याच क्लासवाल्याने सांगितलं नाही.

दहावी झाली. माझा मेहुणा सुरतला उधन्यात राहतो. अर्धं खान्देश तिकडेच आहे, तुम्हाला सांगायला नको. तो म्हणाला, "दाजी, क्लास चांगला आहे, घरचं जेवण आहे, नंदुरबारहून गाडी थेट आहे. लातूरला होस्टेलवर कशाला टाकता?" बिनतोड वाटलं. अकरावीला तिथल्याच शाळेत नाव घातलं.

दिवाळीच्या सुमारास एका ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेले हेडक्लार्क दुकानात आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

"पोर कोठे शे आते?"

"सुरतले, आबा. अकरावीले."

"आनि दहावी?"

"आठेच."

आबांनी हातातली बाटली काउंटरवर ठेवली. "मंग ती ना आठली, ना तठली." म्हणजे ना इथली, ना तिथली.

मला उलगडायला दोन दिवस लागले, म्हणून तुम्हाला सावकाश सांगतो. सरकारी मेडिकल कॉलेजच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. उरलेल्या 85 टक्के राज्याच्या. त्या जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास (डोमिसाइल) तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेली लागते. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, शाळा कुठे आहे ते बघतात. काही सूट आहे, पण ती बदलीवर असणाऱ्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसारख्यांच्या मुलांना. माझ्यासारख्या दुकानदाराला नाही. म्हणजे पोरगी सुरतेत बारावी झाली असती, तर धुळे, जळगाव, 2020 साली सुरू झालेलं आमचं नंदुरबार, कुठल्याच सरकारी कॉलेजात राज्याच्या यादीतून तिचं नाव लागलं नसतं, गुण कितीही पडोत. गुजरातच्या यादीत बसायला तिथला अधिवास हवा. तो मामाचा होता, भाचीचा नव्हता. उरल्या त्या 15 टक्क्यांतल्या जागा, नाहीतर खासगी कॉलेजातला संस्थेचा कोटा. त्याची फी ऐकून मी ग्लासभर पाणी प्यायलो.

राजस्थानात नाव घालून कोटा शहरातल्या क्लासला पाठवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आणि उलटी भीती घालणारेही भेटतील, की अकरावी-बारावी याच विभागात कर, नाहीतर 70-30 मध्ये, म्हणजे 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना या नियमात, मार खाशील. तो विभागीय कोटा 2020 मध्येच रद्द झाला. लातूर, नाशिक, पुणे, कुठेही शिकवा. राज्याबाहेर नको.

अकरावी तिथे पूर्ण करून बारावीला आम्ही तिला परत आणलं. सांगायला सोपं वाटतं. दुसऱ्या बोर्डातून येताना नाशिक विभागीय मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली, त्यासाठी मी दोनदा सुरत केली, एकदा साहेब रजेवर. तिकडे एनसीईआरटीची पुस्तकं, इकडे बालभारतीची, प्रॅक्टिकलच्या वह्या नव्याने. जून-जुलै यातच गेले. पहिल्या प्रयत्नात ती थोडक्यात राहिली. त्या दोन महिन्यांमुळेच राहिली असं ती कधी म्हणत नाही. मी रोज म्हणतो, मनातल्या मनात.

घाबरू नका, पोरं आपल्यापेक्षा चिवट असतात. बारावी व्हायची असेल तोवर चूक सुधारता येते. दहावीच्या सुट्टीत क्लासची पत्रकं गोळा करण्याआधी राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा आणि पात्रतेचं पान वाचा, एवढंच करा. नियम दरवर्षी तपासा, माझ्या सांगण्यावरही जाऊ नका.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडू आहे. 'सीट करून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. क्लासच्या बॅनरवरचे टॉपरही कामाचे नाहीत, त्यांना कधी काही अडलेलंच नसतं. आमच्या हिला खरा आधार दिला तो दुसऱ्या प्रयत्नात लागलेल्या, आता एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या गावच्याच मुलाने. त्याने तिला आधी चुकलेल्या प्रश्नांची वही घालायला लावली, मग शवविच्छेदनाच्या हॉलमधला वास किती दिवस अंगाला राहतो तेही सांगितलं. ती वही आता तिसरी चालू आहे. सध्या ती रिपीट करतेय, घरूनच. भौतिकशास्त्राच्या नावाने रडते, मग तोंड धुऊन परत बसते. मी दुकान बंद करून आलो की मोबाइल हातात घेत नाही, बस एवढीच माझी मदत.

मेहुण्याने तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. परवा त्याचा फोन आला. त्याचा पोरगा आता दहावीला आहे, त्यालाही डॉक्टर व्हायचंय. "दाजी, याचा जन्म सुरतचा, पण आता आम्ही धुळ्याला यायचं म्हणतोय. याची दहावी इकडे सुरतलाच झाली तर चालेल ना?"

मी म्हटलं, फोन ठेवू नको, आधी आबांना विचारतो.