घोड्याला तूप द्यावं का? आणि गोव्यातल्या तबेल्यातले बाकीचे वाद

घोड्यांचं काम शिकायचंय म्हणून विचारणारी मुलं आता बरीच येतात. 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघानं सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून तर आईवडीलही सोबत येतात. कोर्स कुठला करायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगते, आधी थोडे दिवस लीद काढा. त्यांना ते टाळाटाळीचं उत्तर वाटतं, पण तसं ते नाही. या कामातली अवघड गोष्ट घोड्यावर बसणं ही नाहीच. अवघड आहे ते तबेल्यात एकाच प्रश्नाला मिळणाऱ्या तीन उत्तरांतून वाट काढणं, आणि ती उत्तरं देणारी तिन्ही माणसं घोड्यांतच म्हातारी झालेली असतात.

मी डिचोलीची. लहानपणी घोडा म्हणजे शिगम्यातली घोडेमोडणी, कमरेला बांधलेला लाकडी घोडा आणि हातात तलवार. जिवंत घोडा बराच पुढे भेटला, पेडण्याच्या किनाऱ्याकडच्या एका तबेल्यात. तिथले उस्ताद मारवाडातले, घोड्यांच्या घरात जन्मलेले. शिकवायला येणाऱ्या बाई युरोपातल्या. फौजेतून निवृत्त झालेले एक रिसालदार सकाळी यायचे. आणि महिन्यातून एकदा, किंवा घोड्याच्या पोटात शूळ उठला की कधीही, डॉक्टर. पात्रांव, म्हणजे मालक, बिलं भरायचे आणि शेवटी जो बोलला त्याचं ऐकायचे.

ही चौघं खोटं बोलत नाहीत. प्रत्येकाचा नियम त्याच्या मुलखात तयार झालेला असतो. मारवाडची हवा कोरडी, तिथं सुकं गवत वर्षभर टिकतं. युरोपात थंडी आणि दाट कुरण. फौजेत घड्याळ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, उरलेलं वर्ष घामट, आणि पायाखाली वाळू. कोणीही काही सांगितलं की मी मनात एवढंच विचारते, हे इथल्या हवेला आणि या घोड्याच्या कामाला लागू पडतं का?

हा वाद आजचाही नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं दक्षिणेबद्दल लिहून ठेवलंय की इथले राजे समुद्रापलीकडून दरवर्षी हजारो घोडे आणतात, त्यांना शिजवलेला भात आणि मांस खायला घालतात, आणि ते घोडे भराभर मरतात. पुढे तेच होर्मुझचे आणि अरबस्तानचे घोडे गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरकडे जायचे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यामागे या घोड्यांच्या व्यापाराचा लोभही होता. म्हणजे बाहेरून आलेल्या घोड्याला इथं काय घालायचं, या प्रश्नावर या किनाऱ्यावर शतकानुशतकं माणसं चुकत आलीत.

आता चाऱ्याचं बोलू, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथंच.

घोड्याचं पोट गाईसारखं नाही. जठर लहान, 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं, घोडा खात असो वा नसो. त्याला उलटी करता येत नाही. चारा आंबून पचतो तो मागे, मोठ्या आतड्यात. त्यामुळे त्याला दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं. हिशेब असा की शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज. 400 किलोच्या मारवाडी घोडीला 6 ते 8 किलो. वजनकाटा कोणाकडे नसतो, म्हणून टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11880 नं भागा. किलोत वजन मिळतं, अगदी नेमकं नाही, पण जंताच्या औषधाची मात्रा ठरवायला पुरतं.

'हिरवं की सुकं' हा वाद बराचसा या हिशेबातच सुटतो. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. 20 किलो हिरवं घातलं तरी पदरात पडतो चारपाच किलो सुका चारा. पोट फुगलेलं दिसतं, बरगड्या मात्र मोजता येतात. गोव्यात दुधाच्या गाईंसाठी संकरित नेपिअर गवत सगळीकडे लावतात, तेच कापून घोड्यापुढे टाकायचा मोह होतो. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यावर पुन्हा गव्हाचा कोंडा घातलात, ज्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, तर काही महिन्यांत घोडा लंगडायला लागतो आणि गालाची हाडं सुजल्यासारखी दिसतात. उस्तादांच्या गावी कोंडा चालायचा, कारण सोबत बाकीचा चारा वेगळा होता. इथं कोंडा कमी आणि लसूणघास (ल्युसर्न) थोडा, हे मला पटलंय. लसूणघास घाटावरून येतो, महाग पडतो, पात्रांव कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

भाताचा पेंढा इथं स्वस्त आणि हाताशी. त्यात जीव कमी. तोंड चालतं ठेवायला थोडा ठीक, पण त्याच्यावर घोडा पोसला जात नाही.

तुपावरून मात्र आमच्याकडे खरी लढाई व्हायची. उस्ताद चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात, गूळ आणि तूप कालवायचे. बाईंचं म्हणणं, घोड्याला पित्ताशयच नाही, मग तूप पचणार कसं? ऐकायला बिनतोड. डॉक्टरांनी समजावलं ते असं: पित्ताशय नाही हे खरं, पण ते नसल्यामुळेच पित्त साठत नाही, आतड्यात सतत ठिबकत राहतं. हळूहळू सवय लावली तर घोडा तेलतूप बऱ्यापैकी पचवतो. उलट दमट उन्हाळ्यात त्याचा फायदाच, कारण तेवढीच ताकद दाण्यातून दिली तर आतड्यात पिष्ट उतू जाण्याची भीती, आणि चारा आंबताना अंगात जी उष्णता होते ती तेलातून होत नाही. म्हणजे उस्ताद बरोबर होते, फक्त तूप मारवाडच्या थंडीसाठी असतं या समजुतीनं ते मे महिन्यात बंद करायचे. आम्ही तुपाऐवजी साधं तेल चालू ठेवलं, तेही स्वस्तात. गूळ मात्र मी तोडला. ज्या घोड्याला दिवसात तासभर काम, त्याला साखर कशाला?

दाण्याबद्दल एकच पाळा: एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त नको, म्हणजे 400 किलोला दोन किलोच्या आतच. जव आणि चणे भिजवून किंवा भरडून. कुळीथ आपल्या ताटातलं पिठलं, पण घोड्यालाही तो शिजवून द्यायची जुनी रीत आहे आणि ती वाईट नाही. कुठलाही बदल दहाबारा दिवसांत, हळूहळू. पावसाळ्यात गवताच्या गासड्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब. बुरशीचा वास आला की ते गवत फेकून द्यायचं, 'वरचं काढून आतलं घालू' असं नाही.

वाळूची गोष्ट वेगळी सांगते, कारण ती पुस्तकात शेवटच्या पानावर असते आणि इथं पहिल्या पानावर हवी. बाई सांगायच्या, चारा जमिनीवर घाला, मान खाली असली की श्वासनलिका साफ राहते. अगदी खरं. उस्ताद तोबरा, म्हणजे तोंडाला चाऱ्याची पिशवी, बांधायचे आणि बाईंना ते रानटी वाटायचं. पण किनाऱ्यालगतच्या तबेल्यात जमिनीवर चारा म्हणजे प्रत्येक घासाबरोबर वाळू. ती आतड्यात तळाशी बसते आणि एक दिवस शूळ उठतो. आम्ही दोन्ही मतांचं ऐकलं: जमिनीवर जाड रबरी चटई, तिच्यावर उथळ टब. तपासायचं असेल तर लिदेचे चारपाच गोळे प्लास्टिकच्या हातमोज्यात घाला, पाणी भरा, हलवा आणि टांगून ठेवा. बोटांत वाळू साचली तर दिसेल. लीद काढा असं मी का म्हणते, ते कळलं असेल.

पाणी आणि मीठ. बसून असलेला घोडाही 20-25 लिटर पितो, उन्हात काम असेल तर दुप्पट. मीठ रोज 25-30 ग्रॅम, घामेजला तर जास्त. काही घोडे दमट हवेत हळूहळू घाम येणंच बंद करतात. अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, श्वास थांबत नाही. कोरड्या मुलखातून आलेल्या घोड्यात मी हे पाहिलंय. अशा वेळी काम लगेच थांबवून सावलीत पाणी ओतत राहायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. 'आळशी झालाय' म्हणणाऱ्याला लांब ठेवायचं.

शिकवण्याबद्दलचे वाद जास्त जोरात होतात, पण मला ते तेवढे खोल वाटत नाहीत. बाई गाजर देऊन शिकवायच्या. रिसालदार पायाचा दाब द्यायचे आणि घोडा सरकला की त्याच क्षणी सोडायचे. उस्ताद लांब दोरीवर फिरवायचे, हातात चाबूक, तो फारसा अंगाला न लागणारा. नीट पाहिलं तर तिघंही एकच करतात: घोड्यानं बरोबर केलं त्या सेकंदाला त्याला सुख देतात. चुकतो तो उशीर करणारा. दाब सोडायला उशीर झाला तर घोडा शिकतो ते त्यानंतर केलेलं काहीतरी.

गाजराबद्दल मात्र इथलं एक सांगते. लाटेला घाबरणाऱ्या घोड्याला पाण्यापर्यंत न्यायला त्याच्यासारखं साधन नाही. पण ज्या घोड्यावर रोज पर्यटकांची मुलं बसतात, त्याला हातातून खायची सवय लागली की तो प्रत्येक खिसा हुंगतो आणि मग बोट पकडतो. तिथं खाऊ फक्त टबात. किनाऱ्यावर कोरड्या, मऊ वाळूत दौड नको, पायाचे स्नायुबंध दुखावतात. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेची घट्ट ओली वाळू बरी. आणि काटेरी लगाम कोणी हातात दिला तर घेऊ नका. 1965 च्या केंद्रीय नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी लग्नाच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून सापडतो.

लग्नांचं निघालंच म्हणून. दक्षिण गोव्यात सासष्टीकडच्या मोठ्या हॉटेलांत उत्तरेकडची वऱ्हाडं येतात, त्यांना घोडी लागते. हिवाळ्यात त्यात पैसा आहे. पण घोडी तासन् तास सजवून उपाशी उभी असते, वर ढोल आणि दिवे. 'रिकाम्या पोटी घोडा हलका राहतो' ही समजूत सोडा. निघण्यापूर्वी थोडं गवत दिलं तर जठरातलं आम्ल वर हिंदकळत नाही. दाणा मात्र कामाच्या तोंडावर नको.

लाडांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. आठवड्याला शाम्पू, मिशा कापून गुळगुळीत केलेलं तोंड, रिबिनी, बिस्किटं, हे सगळं बघणाऱ्याचे लाड. मिशांनी घोडा तोंडाखालचं चाचपतो, तिथं त्याला दिसत नाही. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानं 2021 पासून मिशा कापलेले घोडे स्पर्धेत नाकारले. साबणानं कातडीवरचं तेल जातं आणि आपल्या पावसात बुरशी लागते. उस्तादांचा रोजचा कोरडा खरारा हजार पटींनी चांगला. खुरं रोज खूर साफ करायच्या आकड्यानं साफ करायची, कारण जुलैत ती सडतात, वास येतो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, आणि तो गोव्यात मिळणं हे वेगळंच प्रकरण. चांगला नालबंद शिकून इथं परत आलेलं कोणी असेल तर त्याला काम शोधावं लागणार नाही. दुसरा घोडा नजरेसमोर असणं आणि रोज मोकळं सोडणं, हे बाईंचं म्हणणं मी पूर्ण मान्य केलं. उस्तादांनीही केलं, पण ते कबूल नाही करणार.

पुढे जायचं असेल तर पशुवैद्यकीचा पदवी अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. मुंबई, शिरवळ, उदगीर इथं महाविद्यालयं आहेत, बारावीला जीवशास्त्र हवं. घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हिस्सारला. फौजेत रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, म्हणजे जनावरं सांभाळणारं दल. नुसतं शिकवायचं असेल तर पुण्यामुंबईच्या रायडिंग क्लबांत एखादं वर्ष काढा. डिसेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या जत्रेला एकदा जाऊन या, घोडे विकणारे घोड्याबद्दल काय लपवतात ते तिथं शिकायला मिळतं.

पहिल्या नोकरीसाठी तबेला बघायला पावसाळ्यात जा. डिसेंबरात सगळे तबेले छान दिसतात. आत शिरल्यावर घोड्यांच्या आधी पाण्याची टाकी बघा, मग गवत कुठं ठेवलंय ते, मग एखाद्या घोड्याचं खूर उचलून वास घ्या. मालक हे करू देत नसेल तर दुसरा तबेला. आणि जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तबेल्यातल्या मातीत ते जंतू असतात, आणि पहिल्या आठवड्यात कुठेतरी खरचटतंच.